कंसातलं स्वागत

मी भाषणाचा कागद बोलतोय. पदवीप्रदान समारंभात जे सगळ्यात आधी वाचतात आणि ज्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष देतात, ते स्वागताचं भाषण माझ्या अंगावर लिहिलेलं आहे. तसे आम्ही दोन फुलस्केप कागद, पण टाचणीनं एकत्र राहून इतकी वर्षं झाली की आता मी स्वतःला एकच समजतो. सन्माननीय वाचकहो, तुमचंही स्वागत आहे. जुनी सवय, जात नाही.

घनसावंगीच्या बस स्टँडसमोर एक स्टेशनरीचं दुकान आहे. तिथल्या गठ्ठ्यातून मी बारा वर्षांपूर्वी बाहेर पडलो. माझे भाऊबंद कुणी तहसीलच्या अर्जाला गेले, कुणी परीक्षेच्या पुरवण्यांना. मला नेलं अण्णासाहेब खरातांनी. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते आणि काळ्या-पिवळ्या जीपनं अर्ध्या तासावर असलेल्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढा तास चालेल तेवढा वेळ प्राध्यापक. पुढच्या वर्षी कायम करू, असं त्यांना सांगितलेलं होतं. ते अजूनही सांगितलेलंच आहे.

पदव्या विद्यापीठात जाऊन घेण्याऐवजी कॉलेजातच वाटायची पद्धत तेव्हा नुकती सुरू झाली होती. आमच्या कॉलेजचा तो पहिलाच समारंभ. स्वागताचं भाषण वाचणार होते उपप्राचार्य सर्जेराव सर आणि लिहिणार होते अण्णासाहेब. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मानपत्र असो की शोकसभा, मराठीच्या मास्तराला बोलावतात आणि लिहून झालं की मागच्या रांगेत बसवतात.

अण्णासाहेबांनी मला घरी नेऊन लिहिलं. अक्षर मोत्यासारखं. पहिलं पान सगळं नावांचं. समारंभाचे अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, संस्थेचे पदाधिकारी, प्राचार्य, असा क्रम. तुम्हाला हे सोपं वाटेल, पण स्वागताच्या भाषणात सगळी जोखीम या क्रमातच असते. एका वर्षी संस्थेचे सहसचिव कोषाध्यक्षांच्या आधी वाचले गेले, तर कोषाध्यक्ष जेवायला थांबले नाहीत. आठवडाभर कॉलेजात दुसरा विषय नव्हता. 

दुसऱ्या पानावर विद्यार्थ्यांचं स्वागत आणि पालकांचं स्वागत. इथपर्यंत त्यांनी आधी कच्चं लिहून मग पक्कं उतरवलं. शेवटचा परिच्छेद मात्र कच्चा न करता एकदम माझ्यावर लिहिला. लिहिताना त्यांचा हात जरा जास्त दाबला गेला. पाठीमागून बोट फिरवलं तर ती अक्षरं अजून लागतात.

तो परिच्छेद न आलेल्या पालकांच्या स्वागताचा होता.

आमचा समारंभ फेब्रुवारीत असतो, आणि फेब्रुवारीत या भागातले किती तरी मायबाप घरी नसतात. दिवाळी झाली की ते ऊस तोडायला जातात, कुणी सांगलीकडे, कुणी थेट कर्नाटकात, आणि परततात ते उन्हाळा लागल्यावर. पोरगं पहिल्यांदा घराण्यात पदवी घेतं आणि त्याच दिवशी आई कुठल्या तरी फडात मोळी बांधत असते. समारंभाची तारीख काढताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. रिकाम्या खुर्च्या फोटोत वाईट दिसतात म्हणून तिथे प्रथम वर्षाच्या मुलांना आणून बसवतात, आणि सर्जेराव सर त्यांच्याकडे बघून वाचतात, ‘प्रचंड संख्येने उपस्थित असलेले पालक बंधू-भगिनी’.

अण्णासाहेबांना हे ठाऊक होतं, कारण त्यांच्या आई द्वारकाबाई ऊसतोड करत. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. अण्णासाहेब तिसरीत असताना वडील भिवा तापानं गेले, तेव्हापासून द्वारकाबाई टोळीत अर्धा कोयता होत्या. त्या अर्ध्या कोयत्यावर त्यांनी पोराला एम.ए. केलं. विद्यापीठात त्याला पदवी मिळाली त्या दिवशीही त्या फडात होत्या. अण्णासाहेबांनी शेजारच्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली होती आणि कुणी विचारलं की सांगत होते, “आई येऊन राह्यली.” कार्यक्रम संपेपर्यंत त्यांनी ती पिशवी उचलली नाही.

तर असा तो परिच्छेद. प्राचार्य रामराव सरांनी तो वाचला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचला, आणि शिसपेन्सिल घेऊन परिच्छेदाच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन कंस काढले.

“अण्णासाहेब, भावना समजते मला,” ते म्हणाले. “पण पाहुण्यांपुढं आपणच आपलं उघडं काढायचं का? राहू द्या हे कंसात. वेळ उरला तर वाचतील.”

भाषणात कंसातलं वाचत नसतात, हे त्यांनाही माहीत होतं आणि अण्णासाहेबांनाही. पुराणातल्या कंसानं बहिणीला कोंडलं होतं. या कंसानं माझं सगळ्यात चांगलं वाक्य कोंडलं. कोंडायला लागलं किती, तर पेन्सिलीच्या दोन वाकड्या रेघा.

समारंभात अर्थातच कंस वगळला गेला, आणि त्याच संध्याकाळी द्वारकाबाईंचा फडातून फोन आला. मी अण्णासाहेबांच्या शर्टाच्या खिशात होतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. भाषणात तुझंही स्वागत लिहिलंय, असं लेकानं आईला आधीच सांगून ठेवलं होतं. तिथेच चूक झाली. पण भाषण लिहिलं म्हणजे ते वाचणारच, असं वाटण्याइतका तो तेव्हा नवा होता.

“वाचलं का रे माझं?” त्यांनी विचारलं.

अण्णासाहेबांनी खिशावरून माझ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, “वाचलं ना आई. टाळ्या पडल्या.”

हे ऐकून मला कसंसंच झालं. मी स्वतः कमी खोटं बोलत नाही. ‘आपला बहुमूल्य वेळ काढून’ आलेले पाहुणे, ‘निसर्गरम्य परिसर’, आणि पुढे एक हातपंप आणि दोन लिंबाची झाडं. पण ती खोटी वाक्यं कुणी मनावर घेत नाही. हे द्वारकाबाईंनी मनावर घेतलं. मागून कळलं की त्यांनी टोळीतल्या बायांना सांगितलं, आज आपल्या सगळ्यांचं कॉलेजात नाव निघालं. बायांनी मोळ्या बांधता बांधता हात थांबवले म्हणे.

पुढच्या वर्षी पुन्हा समारंभ आला. माझं अक्षर चांगलं, क्रम पक्का, म्हणून दुसरं भाषण लिहायची गरज कुणाला वाटली नाही. पाहुण्यांच्या नावावर व्हाइटनर लावला, वाळला की वर नवीन नाव. एका वर्षी संगणकावर टाइप करून पाहिलं, तर ‘मान्यवरांचे हार्दिक स्वागत’च्या जागी ‘आर्थिक स्वागत’ छापून आलं आणि सर्जेराव सरांनी ते तसंच वाचलं. सभागृह इतकं हसलं की पुढच्या वर्षी पुन्हा मलाच कपाटातून काढलं. व्हाइटनरचे इतके थर चढले की पाहुण्यांच्या नावाची जागा सारवल्यासारखी जाड झाली. मधली दोन वर्षं कोरोनात गेली. बाकी नऊ वेळा मी त्या माइकसमोर गेलो. पाहुण्यांसाठी दर वर्षी व्हाइटनर आला, त्या दोन पेन्सिलीच्या रेघांवर कुणी खोडरबर फिरवला नाही.

आणि दर वर्षी फोन यायचा. “औंदा बी वाचलं का?” दर वर्षी अण्णासाहेब हो म्हणायचे. पहिल्या खोट्याला एक रात्र झोप लागली नाही, नंतरची खोटी सवयीनं बोलली गेली. कोरोनाच्या वर्षात समारंभच झाला नाही, हे सांगताना मात्र त्यांचा आवाज मोकळा होता, कारण ते खरं होतं.

मग द्वारकाबाईंचे गुडघे गेले. मुकादमानं उचल द्यायचं नाकारलं आणि कोयता घरी आला. गेल्या वर्षीच्या जानेवारीत अण्णासाहेब मला घरी घेऊन आले, पाहुण्यांचं नाव बदलायला. द्वारकाबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मला हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिलं.

“आमच्याकडं कोनी आलं तर आमी म्हनतो, या, बसा. झालं स्वागत,” त्या म्हणाल्या. “तुमच्या कालेजाला दोन कागद लागतेत व्हय?”

अण्णासाहेब हसले. मीही मनात हसलो, कारण खरंच होतं ते. पण त्यांचं पुढचं वाक्य ऐकून आम्हा दोघांचंही हसू गेलं.

“औंदा मी येनार. संध्याला पदवी भेटून राह्यली, तिचे मायबाप गेलेत फडाला. तिच्यासंगं कोन बसल? मी बसते. अन् माझं बी ऐकते. इतके साल झाले, कानानं कधी ऐकलं न्हाई.”

संध्या त्यांच्याच वस्तीतली. अण्णासाहेबांची विद्यार्थिनी.

दुसऱ्या दिवशी अण्णासाहेब मला घेऊन प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी कॉलेजकडे स्वतःसाठी, कायम करा याशिवाय, काही मागितलं नव्हतं, आणि तेही शेवटी मागायचं सोडून दिलं होतं. त्या दिवशी त्यांनी मागितलं. कंसातलं एवढं एकदा वाचू द्या, आई येणार आहे. रामराव सरांची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अण्णासाहेबांकडे पाहिलं.

“मला आधी का न्हाई सांगितलं तुम्ही?” ते म्हणाले. “मी सांगतो सर्जेरावांना. वाचतील.”

मी त्या दिवसांत किती आनंदात होतो ते कसं सांगू. पेन्सिलीची रेघ तशीच राहिली, पण तोंडी परवानगी मिळाली होती. कपाटात पडल्या पडल्या मी माझाच तो परिच्छेद घोकत होतो.

पाहुणे शेवटच्या आठवड्यात ठरले. एका साखर कारखान्याचे अध्यक्ष.

समारंभाच्या दिवशी मैदानात मांडव पडला, दारात रांगोळी, पोरांच्या अंगात एकाच मापाचे भाड्याचे काळे गाऊन. द्वारकाबाई पांढरं लुगडं नेसून संध्याबरोबर जीपनं आल्या. पुढून तिसऱ्या रांगेत बसल्या, कारण ऐकायला कमी येतं. पाहुणे दीड तास उशिरा आले आणि त्यांच्याबरोबर वीस-पंचवीस माणसं. स्वयंसेवकानं द्वारकाबाईंना हात धरून उठवलं. “मावशी, इथं न्हाई. हे पाहुण्यांच्या मान्सायला हाय. मागं बसा.” त्या उठल्या आणि मांडवाच्या शेवटच्या खांबापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मला पोडियमवरून त्या स्पष्ट दिसत होत्या. त्यांनी पदराचं टोक कानामागं सारलं होतं.

सर्जेराव सरांनी नावं वाचली. विद्यार्थ्यांचं स्वागत वाचलं. पालकांचं वाचलं. मग ते कंसापाशी आले आणि थांबले. त्यांचा अंगठा माझ्यावर होता, तो ओला झाला होता. त्यांनी डावीकडे पाहिलं. पाहुणे घड्याळ बघत होते. माइकमध्ये फक्त पंख्याचा आवाज येत होता. एवढा वेळ आजवर कुणी माझ्या कंसापाशी थांबलं नव्हतं. वाचा, मी म्हणत होतो, वाचा हो. 

“वेळेअभावी मी इथेच थांबतो,” सर्जेराव सर म्हणाले.

मी भाषण आहे, पण मला आवाज नाही. ज्याच्या हातात पडलो त्याच्या मर्जीनं बोलायचं. याचं दुःख मला त्या दिवशी झालं तसं आधी कधी झालं नव्हतं.

अण्णासाहेब मागे प्रमाणपत्रांच्या टेबलावर होते. त्यांनी सगळं ऐकलं. कार्यक्रम संपला, मला त्यांनी खिशात घातलं आणि लिंबाखाली उभ्या असलेल्या आईकडे निघाले. त्यांचं काळीज माझ्यावर नुसतं आदळत होतं. बोलायला तोंड उघडणार तोच द्वारकाबाई बोलल्या.

“ऐकलं रे,” त्या म्हणाल्या. “बराबर ऐकलं. लई चांगलं वाचलं त्या सरानं.”

अण्णासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या त्यांच्याकडे पाहत नव्हत्या, संध्याच्या गाऊनची दोरी बांधत होत्या. आईला काही तरी भलतंच ऐकू आलं, की तिला सगळं कळलं, हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. तेव्हा झालं नाही आणि नंतरही नाही. मायलेक एकमेकांना जपायला खोटं बोलले आणि दोघांच्या मध्ये ते तसंच राहिलं.

पुढे रामराव सर निवृत्त झाले. नवीन प्राचार्य म्हणाले, आता भाषण मोबाइलवरच वाचत जाऊ. माझं काम संपलं. अण्णासाहेब मला फाडायला निघाले होते. द्वारकाबाईंनी मागून घेतलं.

“कामून पाहिजे? तुला कुठं वाचता येतं?”

“वाचायला न्हाई. ठिवायला.”

आता जे सांगतो ते फक्त तिघांना माहीत आहे, आणि त्यातला एक मी.

एका दुपारी अण्णासाहेब कॉलेजात असताना द्वारकाबाईंनी संध्याला बोलावलं आणि मला तिच्या हातात दिलं. वाच म्हणाल्या, सगळं वाच. संध्यानं वाचलं. नावं, पदं, निसर्गरम्य परिसर, सगळं. दुसऱ्या पानाच्या खाली येऊन ती थांबली.

“आजी, हे कंसात हाय.”

“कंस कोन?”

संध्यानं त्यांचं बोट धरून त्या दोन रेघांवर फिरवलं. याच्या आतलं वाचायचं नसतं, म्हणाली. द्वारकाबाईंनी विचारलं, ही रेघ कधीची? पेन्सिल पुसट झालेली, कडा मळलेल्या. संध्यानं खरं ते सांगितलं, लई जुनी दिसते. द्वारकाबाईंचं बोट त्या रेघेवरच राहिलं. अकरा वर्षांचे फोन त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले असतील. मग म्हणाल्या, “वाच.”

संध्यानं वाचलं. माझा तो परिच्छेद जन्मल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं वाचला गेला, पत्र्याच्या घराच्या ओसरीत, एका बाईसमोर. तिनं ते सावकाश वाचलं, कारण ते तिच्या मायबापांचंही होतं. द्वारकाबाईंनी मान खाली घालून ऐकलं. पुन्हा वाच म्हणाल्या. तिनं पुन्हा वाचलं.

संध्या पोलीस भरतीचा अभ्यास करत होती, तिच्या दप्तरात खोडरबर होता. द्वारकाबाईंनी तिला त्या दोन्ही रेघा पुसायला लावल्या. मला गुदगुल्या झाल्या आणि रडूही आलं. पुसून झाल्यावर त्यांनी फुंकर मारून खोडरबराचा चुरा उडवला आणि तिला बजावलं, “अण्णाला बिलकुल सांगू नको. त्यो माझ्यासाठी खोटं बोलला. त्याला वाटू दे, मायनं मांडवातच ऐकलं.”

भादव्यात द्वारकाबाई गेल्या. पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती आली, टोळीतल्या बायाही आल्या. कुणी तरी म्हणालं, अण्णासाहेब, तुम्ही दोन शब्द बोला. आयुष्यभर दुसऱ्यांची भाषणं लिहिणारा तो माणूस उभा राहिला आणि एक शब्द बोलू शकला नाही. नंतर घरातल्या बाईमाणसांना म्हणाला, मी आईला फसवलं, तिचं स्वागत कधी झालंच नाही. द्वारकाबाईंनी मला ठेवलं होतं त्या शेजारच्याच पत्र्याच्या पेटीत मी होतो. संध्या तोवर भरती होऊन नागपूरला गेली होती, आणि ती दिलेल्या शब्दाची पक्की.

आता मी त्याच पत्र्याच्या पेटीत आहे. खाली गोणपाटात गुंडाळलेला कोयता, त्यावर ते पांढरं लुगडं, लुगड्याच्या घडीत मी. अण्णासाहेबांनी पेटी अजून उघडलेली नाही. पुन्हा फेब्रुवारी आलाय. बाहेर त्यांच्या गाडीचा आवाज ऐकू येतो, ते कॉलेजला जातात, घरी येतात, पेटीवरची धूळ पुसतात आणि कडीला हात लावून परत फिरतात.

अण्णासाहेब, एकदा पेटी उघडा. मला बाहेर काढा आणि दुसरं पान बघा. तिथे कंस नाही. तुमच्या आईनं तुम्ही लिहिलेलं स्वागत ऐकलंय, दोनदा ऐकलंय, आणि ती तुमच्यावर रागावलेली नव्हती. हे सांगायला तिनं मला मागून घेतलं की नुसतं जवळ ठेवायला, मला माहीत नाही. पण सांगायला आता मीच उरलोय.

आणि तुम्ही उघडेपर्यंत माझं मीच वाचतो. माइक नाही, अध्यक्ष नाहीत, वेळेचा अभाव नाही.

‘आणि ज्या मातापित्यांना आज इथे येता आले नाही, जे या घडीला दूर कुठल्या तरी फडात मोळ्या बांधत आहेत, त्यांचेही हे महाविद्यालय मनापासून स्वागत करते. त्यांच्या खुर्च्या आम्ही रिकाम्या ठेवल्या आहेत. तिथे दुसऱ्या कुणालाही बसवलेले नाही.’

द्वारकाबाई, या. बसा.